पांढऱ्या फुलांची वाडी

न्यू जर्सीहून मागवलेल्या मोगऱ्याचा बॉक्स नीलांबरीने उघडला आणि लगेच मिटला. आत मोगरा होता, पण फ्रीजच्या तळाशी विसरलेल्या कोथिंबिरीच्या अवस्थेत. रातोरात पोचवतो म्हणणाऱ्यांनी तो कुठल्याशा गोदामात दोन दिवस झोपवला होता आणि वर ‘ताजी फुलं, जपून हाताळा’ असा स्टिकरही लावला होता.

“झालं! सगळं केलं आणि मुसळ केरात,” ती म्हणाली.

“आई, सुपरमार्केटमधून गुलाब आणते ना. दहा मिनिटांचा ड्राइव्ह आहे,” काउंटरपाशी कॉफी घेऊन उभी असलेली हिमानी म्हणाली.

“गुलाबाची वाडी भरतात होय? ती काय नवरदेवाची गाडी आहे?”

हिमानी आदल्या दिवशीच चँडलरहून रजा काढून भावजयीच्या डोहाळजेवणाला आली होती. आईशी वाद घालायला तिला निदान दुसरी कॉफी लागायची, म्हणून तिने पुन्हा कॉफी ओतून घेतली.

टेबलाशी बसलेल्या देवदत्तांनी आयपॅडवरून नजर न काढता मत दिलं. “फुलांवाचून बाळंतपण अडल्याची केस माझ्या बघण्यात नाही.”

“तुम्ही भूल देणारे डॉक्टर. तुमच्या बघण्यात पेशंट झोपलेलेच असायचे.”

हट्ट खरं तर फुलांचा नव्हताच. तिच्या मुलाची, सौमित्रची बायको डर्व्हला याआधी दोनदा गरोदर राहिली होती आणि दोन्ही वेळा चौथा महिना लागायच्या आत सगळं संपलं होतं. पहिल्या खेपेस नीलांबरीने श्रूजबरीपासून शुगर लँडपर्यंत सगळ्यांना फोन करून आनंदाची बातमी दिली, आणि मग त्याच सगळ्यांना पुन्हा फोन करावे लागले. दुसऱ्या खेपेस तिने कुणालाच सांगितलं नाही, तर रडायच्या वेळी एकटी पडली. आता सातवा महिना सरत आला होता. वाडी भरायची, झोपाळ्यावर बसवायचं, ओटी भरायची. एवढं नीट पार पडलं की पुढचंही पडेल, असा तिने मनाशी सौदा केला होता. सौदा नेमका कुणाशी, ते विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं.

अर्ध्या तासाने मागचं दार उघडलं आणि डर्व्हला आत आली. तिच्या दोन्ही हातांत मावेनात इतक्या फांद्या होत्या, बारीक पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या.

“आई, विल दिस वर्क?”

“अगं बाई! हे तर तुझ्या आजीचं झाड!”

मागच्या अंगणाच्या टोकाला, जुन्या दगडी बांधाला टेकून ते एकटं काटेरी झाड उभं होतं. लग्नाच्या वर्षी डर्व्हलाची आजी नोरीन हिवाळ्यात घर बघायला आली होती, तेव्हा देवदत्तांनी तिथे भाजीचे वाफे करायचे म्हणून झाड तोडायला माणूस ठरवला होता. नोरीनने दोन्ही हात पसरून सांगितलं होतं, “या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही.” नव्या नात्यात वाद नको म्हणून देवदत्तांनी माणसाला परत पाठवलं आणि तेव्हापासून ते घरात नोरीनचं झाड झालं. ते दरवर्षी मे महिन्यात फुलायचं, पण त्याची फुलं तोडावीत असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

नीलांबरीला भरून आलं. सुनेच्या वाडीत तिच्या माहेरच्या झाडाची फुलं! याहून शुभ ते काय असणार! वास जरा उग्र होता, गोडसर आणि त्याखाली काहीतरी शिळं, पण उदबत्ती लावली की निभावलं असतं.

“तुझे हात बघ. केवढे ओरखडे! थांब, हळद लावते.”

“इट्स नथिंग, आई,” डर्व्हला म्हणाली आणि बाह्या खाली ओढल्या. ती हसली, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. दहा गोष्टी डोक्यात असलेल्या नीलांबरीला ते दिसलं नाही. हिमानीला दिसलं, पण ती मनाशी म्हणाली, दमली असेल.

*

सौमित्रने गाडी दाराशी लावली तरी नोरीन पट्टा न सोडता बसून राहिली.

“न जन्मलेल्या लेकराचा सोहळा करू नये,” ती म्हणाली. वुस्टरच्या तिच्या घरापासून ती हेच म्हणत आली होती. “आमच्यात पाळणासुद्धा मूल आल्याशिवाय घरात आणत नाहीत.”

“ग्रॅन, आईसाठी. फक्त एक तास.”

“तुझ्या आईसाठीच आलेय.”

हे खरं होतं. नीलांबरीविषयी नोरीनचं मत गेल्या उन्हाळ्यात बदललं होतं. दुसऱ्या वेळचं सगळं संपल्यावर डर्व्हला आणि सौमित्र नॉकशेरीनला जाऊन आले होते. नॉकशेरीन म्हणजे नोरीनचं गाव, आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातली अकरा घरं, एक पवित्र विहीर आणि विहिरीवर वाकलेलं एकुलतं एक काटेरी झाड. ऑगस्टच्या मध्यावर गावकरी विहिरीभोवती सूर्य जातो त्या दिशेने फेऱ्या घालतात आणि अंगावरच्या कपड्याची चिंधी झाडाला बांधतात. चिंधी कुजत जाते तसं दुखणं सरतं. हल्ली लोक नायलॉन बांधतात, ते जन्मात कुजत नाही आणि झाड मात्र गुदमरतं, म्हणून नोरीन चिडायची. पण नीलांबरीने सुनेजवळ चिंधी देताना आपणहून विचारलं होतं, सुतीच हवी ना? आणि स्वतःच्या आईच्या लुगड्याचा काठ फाडून दिला होता. या बाईला कळतं, असं नोरीनने तेव्हा मनात नोंदवलं होतं.

सौमित्रचा हात धरून ती पायऱ्या चढली. दार उघडंच होतं. आत बायकांचा कलकलाट चालला होता, तळणाचा वास येत होता. उत्तराकाकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन पुढे आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून नोरीनला छताला टांगलेला लाकडी झोपाळा दिसला.

झोपाळ्याच्या कड्यांना पांढरी फुलं गुंडाळली होती. मध्ये हिरव्या साडीत डर्व्हला बसली होती. तिच्या केसांत, गळ्यात, दंडांवर तीच फुलं होती.

नोरीनचा पाय उंबरठ्याबाहेरच थांबला.

“या ना, आत या,” नीलांबरी लगबगीने आली. तिचा चेहरा कौतुकाच्या अपेक्षेने फुलला होता. “ओळखलीत का फुलं? तुमच्याच झाडाची!”

“हे घरात कुणी आणलं?”

आवाज मोठा नव्हता. पण बायका एकेक करून गप्प झाल्या.

“का? काय झालं?”

“हा मोहर घरात आणत नाहीत.” नोरीनने चौकट धरली होती. “ते झाड आपलं नसतं, ज्यांचं असतं त्यांचं नावही आम्ही घेत नाही. त्याचा मोहर आत आला की घरातलं माणूस बाहेर जातं. मी विचारते आहे, कुणाच्या हाताने आला?”

सौमित्र मध्ये पडला. “ग्रॅन, प्लीज. नॉट टुडे.”

नीलांबरीला आधी राग आला. एवढ्या बायकांसमोर, ऐन ओटीच्या वेळी! माझ्या घरातली फुलं अशुभ? तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर झोपाळ्याकडे गेली. डर्व्हलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तिने दोन्ही हात पोटावर दाबून धरले होते आणि ती आजीकडे अशी बघत होती, जसं बरणी फोडताना पकडलेलं पोर बघतं.

“मी,” नीलांबरी म्हणाली. “मी आणली. मला माहीत नव्हतं.”

स्वयंपाकघराच्या दारातून हिमानीने आईकडे पाहिलं. देवदत्तांनीही पाहिलं.

नोरीनने नीलांबरीच्या हातांकडे पाहिलं. नुकत्याच मेंदी लावलेल्या त्या हातांवर साधा चरा नव्हता. मग तिने नातीच्या मनगटांकडे पाहिलं. तिथे बांगड्यांखाली लाल रेघा उठलेल्या होत्या.

“बेबी इजन्ट मूव्हिंग,” झोपाळ्यावरून डर्व्हला म्हणाली. “सकाळपासून. आय थॉट बेबी वॉज स्लीपिंग.”

*

बेडरूममध्ये तिला डाव्या कुशीवर झोपवलं होतं. हिमानी तिच्या केसांतल्या पिना एकेक करून काढत होती. देवदत्तांनी बर्फ घातलेला संत्र्याचा रस स्वतः आणला, पलंगाच्या कडेला बसले आणि सुनेच्या पोटावर तळहात ठेवला. भिंतीतून बायकांची कुजबुज येत होती.

डर्व्हला समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिला माहीत होतं, ती फुलं घरात आणायची नसतात. चालायला लागली तेव्हापासून माहीत होतं. आईबाप लवकर गेले आणि नोरीननेच तिला वाढवलं, तेव्हा अंगाईऐवजी हेच ऐकत ती मोठी झाली. पहिल्या वेळी तिने सगळं पाळलं होतं. ग्रॅनचं पाळलं, सासूचं पाळलं, डॉक्टरचं पाळलं. पपई खाल्ली नाही, ग्रहणात बाहेर पडली नाही, पाळण्याच्या दुकानासमोरून गेली नाही, वजन उचललं नाही. दुसऱ्या वेळी तर श्वाससुद्धा जपून घेतला. काय उपयोग झाला?

आज सकाळी सासूच्या मागून तो काळा पडलेला मोगरा बघून तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं. प्रत्येक गोष्टीला घाबरायचा तिला कंटाळा आला होता. ती मुद्दाम त्या झाडाकडे गेली. सगळ्यांत मोठी बंदी मोडून बघू, आणि काही झालं नाही की भीती एकदाची संपेल, असं तिला वाटलं होतं. आणि फांदी मोडल्यापासून बाळ गप्प होतं. की आधीपासूनच होतं? ते तिला काही केल्या आठवत नव्हतं.

“बाबा?” तिने विचारलं.

देवदत्तांनी हात काढला. आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस, पण त्यांचा चेहरा त्या वेळी डॉक्टरचा राहिला नव्हता.

“मला कळत नाही, बाळ. हे माझं काम नाही,” ते म्हणाले. “इथे बसून अंदाज करायचा नाही. तुम्ही लगेच हॉस्पिटलला निघा. मी फोन केलाय, ते वाट बघतायत. बहुतेक वेळा काही नसतं.”

“बहुतेक वेळा,” डर्व्हला म्हणाली.

“हो.” त्यांनी खोटं सांगितलं नाही.

बाहेरच्या पॅसेजमध्ये हिमानीने आईला गाठलं. “तू खोटं का बोललीस?”

“गाडी काढ.”

“आई, तिने स्वतः आणली, मी बघितलं. आता ग्रॅन जन्मभर तुलाच दोषी धरणार.”

“मला धरू दे. माझं वय झालंय, मला काय होतंय? तिचा चेहरा बघितलास ना? उद्या काही वाकडं झालं, तर ती स्वतःला सोडेल का?” नीलांबरीने मुलीच्या हातात किल्ल्या कोंबल्या. “तू कुणाला बोलायचं नाहीस. दादालासुद्धा नाही. जा.”

पण दादाला ते गाडीतच कळलं. रस्ता ओळखीचा होता, तरी हिमानीने दोन वळणं चुकवली. मागच्या सीटवर सौमित्रने बायकोला कवेत घेतलं होतं. हिरव्या साडीवर त्याचं जॅकेट होतं.

“मी आणली ती,” डर्व्हला इंग्रजीत म्हणाली. “मला माहीत होतं. मी मुद्दाम केलं.”

“डर्व्ह, ते फूल आहे. फ्लॉवर. बाळाला काय कळतंय?”

“मग तू थरथरतोयस कशाला?”

त्याने जॅकेट तिच्याभोवती आणखी ओढलं. पुढच्या आरशात हिमानीला भावाचे डोळे दिसले आणि तिने नजर रस्त्यावर वळवली.

“आईंनी स्वतःवर का घेतलं?” डर्व्हलाने विचारलं. “त्यांना तर त्याचा अर्थही माहीत नव्हता.”

“ती तशीच आहे,” हिमानी म्हणाली. “अर्थ नंतर विचारते.”

*

बायका हळूहळू पांगल्या. उत्तराकाकूंनी जाता जाता डब्यांत अन्न भरून ठेवलं, कुणाला काय भाज्या आवडतात त्याची चौकशीही करून घेतली, आणि “काही लागलं तर फोन करा हं” असं तीन-तीनदा बजावून गेल्या. पाच प्रकारचे भात, करंज्या, पुरणाच्या पोळ्या टेबलावर तशाच होत्या. झाकलेल्या दोन वाट्याही तशाच, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. डर्व्हलाने त्यांतली एक उघडायची राहून गेली होती.

नोरीन अजून पोर्चमधल्या खुर्चीवर बसून होती. ती आत आली नव्हती. तिच्या हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हते.

नीलांबरी चहा घेऊन आली. “घ्या. आत यायचं नसेल तर इथेच घ्या.”

“आधी ते बाहेर काढा. सगळं,” नोरीन म्हणाली. “ज्या दाराने आलं त्याच दाराने, आणि ज्या हाताने आलं त्याच हाताने. कचऱ्यात टाकायचं नाही, जाळायचं नाही. झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवायचं.”

इतर कुठला दिवस असता तर नीलांबरीने चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण मागच्या खेपेपासून ती स्वतः दर शनिवारी सुनेवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत होती, आणि देवदत्त हसले तर त्यांच्यावरूनही टाकत होती. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. ती आत गेली आणि झोपाळ्याच्या कड्यांवरून फांद्या सोडवायला लागली.

देवदत्त व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले. दारातून नोरीन म्हणाली, “मशीन नको. चिरडायचं नाही.” नीलांबरीला वाटलं, आता हे लेक्चर देणार. देवदत्तांनी मशीन भिंतीला टेकवलं, गुडघे धरत खाली बसले आणि गालिच्यावरच्या पाकळ्या एकेक करून वेचायला लागले. सोफ्याखालीही हात घातला. फोन त्यांनी शेजारी जमिनीवर ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने ते त्याच्याकडे बघत होते.

नीलांबरीने फांद्या छातीशी कवटाळल्या आणि मागच्या दाराने निघाली. घराला वळसा घालून नोरीनही काठी टेकत आली. गवत ओलं होतं. बांधापाशी पोचल्यावर दोघी थांबल्या.

“इथे?”

“इथेच. सावकाश.”

नीलांबरी वाकली. सकाळी फांद्या डर्व्हलाने कुणाला हाताळू दिल्या नव्हत्या, नीलांबरीने नुसती खुडलेली फुलं कौतुकाने गुंफली होती; त्या फांद्यांना बोटाएवढे काटे आहेत हे तिला आता कळलं. घाईघाईत उचललेल्या फांद्यांनी तिचे तळहात आणि मनगटं फाडली होती. मेंदीवर रक्त आलं होतं.

“माझ्या भावाचं नाव मार्टिन,” नोरीन एकदम म्हणाली.

नीलांबरी तशीच ओणवी राहिली.

“मे महिन्यात आमच्या घरी खिडकीत मारियामातेचा छोटा देव्हारा मांडायचे. मी सहा वर्षांची होते. मला वाटलं, मातेला सगळ्यांत सुंदर फुलं द्यावीत. विहिरीवरच्या झाडाची डहाळी मी जॅमच्या बाटलीत लावून ठेवली. मार्टिन पाळण्यात होता, आधीच खोकत होता. त्याला डांग्या खोकला झाला होता. गावात आणखी दोन मुलं त्याच खोकल्याने गेली, त्यांच्या घरात कुणी फूल नेलं नव्हतं.” तिने काठी गवतात रोवली. “आईने विचारलं, हे घरात कुणी आणलं? मी हात वर केला. मला शाबासकीच मिळेल असं वाटलं होतं. तिने मला मारलं नाही. कधी ओरडलीही नाही. फक्त मार्टिन गेल्यावर एकदा म्हणाली, तुझ्या हाताने आलं. विहिरीवर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. मी अमेरिकेला आले ती काही डॉलरसाठी नाही आले.”

वाऱ्याने वरच्या फांद्या हलल्या आणि थोड्या पाकळ्या दोघींच्या अंगावर पडल्या.

“गावच्या जुन्या शाळेत आता गावकऱ्यांनी जुन्या वस्तूंची एक खोली केली आहे. फावडी, लोणी काढायचं लाकडी पिंप, जुने फोटो. माझ्याकडून फोनवर गोष्टी रेकॉर्ड करून घेतल्या. मी विहिरीची सांगितली, चिंध्यांची सांगितली, दलदलीतली माती जळणासाठी कशी कापायचे ते सांगितलं. ही सांगितली नाही.”

“डर्व्हलाला?”

“तिला भाऊ खोकल्याने गेला एवढंच माहीत आहे.”

नीलांबरी उठून उभी राहिली. “नोरीन, मला तुम्हाला एक सांगायचंय. ते मी—”

“नका सांगू.”

“तुम्ही म्हणालात, त्याच हाताने. मी नेलं तर मग ते...”

“मला ठाऊक आहे मी काय म्हणाले ते.” नोरीनचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “दारातच कळलं होतं मला. तुमचे हात स्वच्छ होते. तिचे नव्हते.”

“मग बोलला का नाहीत?”

“माझा त्या झाडावर विश्वास आहे. तुम्हाला वेडेपणा वाटेल, वाटू द्या. मला भीती वाटते आहे, आत्ता, या घटकेला. चुकीचा हात चालला नाही तर काय, हाच विचार चाललाय.” तिने डोळे पुसले नाहीत. “पण तिच्या तोंडून ‘मी’ ऐकलं असतं, तर ते माझ्या तोंडूनही निघालं असतं. माझ्या आईच्या तोंडून निघालं तेच. एकदा निघालं की परत घेता येत नाही. मूल राहो न राहो, त्या पोरीला ते जन्मभर पुरलं असतं.”

घरात फोन वाजला होता.

पन्नास पावलांचं अंगण, पण दोन म्हाताऱ्यांना ते संपेना. देवदत्त मागच्या दारात आले होते. त्यांच्या एका मुठीत पाकळ्या होत्या आणि दुसऱ्या हातात फोन. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

“ठोके आहेत,” ते म्हणाले. “हार्टबीट चांगला आहे. हलतंय. नुसतं पाठ फिरवून बसलंय म्हणे, लाथा आतल्या बाजूला मारतंय, म्हणून तिला कळेना. रात्रभर तिथेच ठेवणार आहेत, मशीन लावून. उद्या परत बघतील.”

नोरीनने काठी सोडून दिली. नीलांबरीने तिला धरलं, की तिने नीलांबरीला, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. देवदत्त मुठीतल्या पाकळ्या कुठे ठेवाव्यात हे न कळून तसेच उभे होते. मग ते मुकाट्याने झाडाकडे चालत गेले.

जाताना त्यांनी फोन नीलांबरीच्या हातात दिला होता. त्यातून हिमानीचा आवाज आला. “आई, स्पीकरवर टाक. डर्व्हला वॉन्ट्स टु टॉक टु ग्रॅन.”

नोरीन तोवर पायरीपाशी आली होती. तिने आत पाहिलं. झोपाळा मोकळा होता, गालिचा स्वच्छ होता. तिने चौकटीला हात लावला, पाय उचलला आणि ती घरात आली.

“ग्रॅन?” डर्व्हलाचा आवाज अगदी बारीक झाला होता. मागे मशीनचा धाडधाड आवाज येत होता, पळत्या घोड्यासारखा. “ग्रॅन, ऐकतेस का? बाळ ठीक आहे. पण मला तुला सांगायलाच हवं. ती फुलं...”

“ठाऊक आहे मला. तुझ्या सासूने आणली.”

“नाही. ग्रॅन, लिसन टु मी. आईंनी नाही. ती मी...”

“डर्व्हला.” नोरीन झोपाळ्यावर बसली. तिने नीलांबरीला जवळ बसवून घेतलं, तिचे दोन्ही हात आपल्या मांडीवर उघडे धरले आणि फोनजवळ तोंड नेऊन, नातीला शाळेतल्या पाढ्यासारखं नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “मी म्हातारी आहे, आंधळी नाही. तिचे हात आत्ता माझ्यासमोर आहेत. मनगटापर्यंत ओरखडे आहेत.”